लाठी, गदगा आणि पट्टा : प्रस्तावना

महाराष्ट्रातील आखाड्यांत ‘मर्दानी खेळ’ या एकाच नावाखाली जे शिकवले जाते, त्यात वस्तुतः दोन निरनिराळ्या विद्या नांदत आलेल्या आहेत : एक काठीची आणि दुसरी पात्याची. लाठी व बनेटी या पहिल्या विद्येच्या शाखा होत; तलवार, पट्टा आणि जंबिया या दुसरीच्या. या दोहोंच्या सीमेवर फरी-गदगा आणि बोथाटी अशी दोन साधने उभी आहेत, जी दिसायला काठ्या आहेत, परंतु ज्यांचा जन्म काठीसाठी झालेला नाही. गदगा म्हणजे धार काढून घेतलेली तलवार आणि बोथाटी म्हणजे अणी बोथट केलेला भाला. बोथाटीच्या टोकाला कापडाचा गोळा बांधलेला असतो आणि तो रंगात बुडवलेला असल्याने वार कोठे बसला हे अंगावरच्या डागावरून कळते. काठी हे स्वतंत्र शस्त्र असताना तिचे शिक्षण कसे असते, तीच काठी पात्याच्या जागी उभी राहिली म्हणजे तिचे शिक्षण कसे बदलायला हवे, आणि हा बदल न झाल्यास शिकणाऱ्याच्या हातात नेमके काय उरते, हे तीन प्रश्न प्रस्तुत पुस्तकाच्या मुळाशी आहेत.

हे पुस्तक लिहिताना बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटासारख्या गावातील शिकवणारा आणि शिकणारा डोळ्यांसमोर ठेवलेला आहे. देऊळघाट हे घाटावरच्या वऱ्हाडातील, पैनगंगेच्या काठचे गाव आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी ही नदी येथवर येते तेव्हा उगमापासून फार दूर गेलेली नसते. कापूस, ज्वारी आणि सोयाबीन यांच्या या मुलखात काठी आणि पाते या दोन्ही वस्तू शस्त्र म्हणून नव्हे तर कामाच्या वस्तू म्हणूनच आधी घरात येतात. बैल हाकणाऱ्याची पराणी, मेंढ्यांमागे चालणाऱ्या धनगराची खांद्यावर आडवी टाकलेली काठी, रात्री मळ्यात जागलीला जाणाऱ्याचा सोटा हे काठीचे प्रकार. विळा, कोयता, कुऱ्हाड, वखराची पास आणि स्वयंपाकघरातील विळी हे पात्याचे. म्हणजे येथील मुलाला आखाड्यात येण्यापूर्वीच काठी कशी हाणतात आणि पाते कसे चालवतात याचे एक मुके ज्ञान झालेले असते. आखाड्यातील शिक्षणाने हे ज्ञान वापरायला हवे, पण बहुतेक ठिकाणी ते दाराबाहेरच राहते.

शस्त्र म्हणून मात्र या दोन वस्तूंचे सामाजिक स्थान कधीच सारखे नव्हते. तलवार ही देशमुखांच्या वाड्यात, पाटलाच्या देवघरात आणि शिलेदाराच्या कमरेला असे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार, आणि बारगीर म्हणजे ज्याला या दोन्ही वस्तू सरकारातून मिळत तो. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे लखुजी जाधवरावांचे ठाणे आणि 1598 मधील जिजाबाईंचे जन्मस्थान असल्याने, पात्याच्या विद्येला लागणारी घोडदळी परंपरा या मुलखाला परकी नव्हती. काठी मात्र सर्वांची होती. गावाच्या वेशीवर पहारा करणाऱ्या वेसकर महाराची ओळखच त्याच्या काठीने होत असे, आणि ज्या समाजांना तलवार बाळगण्याचा मान नाकारला गेला, त्यांच्या हातातही काठी राहिलीच. मर्दानी विद्येचा इतिहास लिहिताना तलवारीच्या घराण्यांची नावे सहज सापडतात, परंतु काठीची विद्या ज्यांनी शतकानुशतके टिकवली त्यांची नावे कागदावर आलेली नाहीत. ही उणीव केवळ इतिहासलेखनाची नाही, कारण काठीकडे ‘गरिबाची तलवार’ म्हणून पाहण्याची सवय याच विषमतेतून पडली आणि तिने शिक्षणपद्धतीचेही नुकसान केले आहे.

काठी ही तलवारीची दुय्यम आवृत्ती नव्हे, हे लाठीच्या रचनेवरूनच स्पष्ट होते. लाठी भरीव बांबूची, तेल पाजलेली, साधारणतः वापरणाऱ्याच्या कानाइतकी किंवा कपाळाइतकी उंच असते. तिच्या बुडाला कित्येकदा लोखंडी वा पितळी शेंबी बसवलेली असते. शेंबी म्हणजे काठीचे टोक फुटू नये म्हणून घातलेले धातूचे टोपण. लाठीला पुढची व मागची बाजू नसते, मूठ अमुक जागीच असावी असा नियम नसतो, आणि दोन्ही टोके सारखीच मारक असतात. त्यामुळे लाठीचा सगळा खेळ हात सरकवण्यावर उभा आहे. मध्ये धरलेली लाठी एका क्षणात टोकाशी धरली जाते आणि तिचा पल्ला दुप्पट होतो. पुढच्या टोकाचा वार अडवला गेला तर तीच अडवणूक टेकू मानून मागचे टोक खालून वर येते. पाठीमागून, बगलेखालून, मानेभोवतून ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. दोन्ही टोकांना गोळे किंवा पलिते लावलेली बनेटी हा याच गुणाचा टोकाला नेलेला विस्तार आहे, कारण तीत मूठ जवळजवळ नाहीशीच होते आणि फिरणारे वर्तुळ तेवढे उरते.

लाठीचा मार हा वेगाचा आणि वजनाचा मार असतो. काठीच्या शेवटच्या वीतभर भागात सर्वाधिक वेग असतो, आणि तो भाग नेमका लक्ष्यावर यावा यासाठी अंतर सांभाळणे हे लाठीचे पहिले शिक्षण होय. प्रतिस्पर्धी त्या वीतभर भागाच्या आत शिरला की काठीचा जोर एकदम ओसरतो. म्हणूनच जुन्या पद्धतीत मागे हटणे शिकवण्याच्या आधी आत शिरणे शिकवले जाई, आणि ते योग्यच होते. शिवाय काठीला पकडता येते. प्रतिस्पर्ध्याची लाठी हातात धरून, बगलेत दाबून किंवा आपल्या लाठीने अडकवून ती हिसकावणे हा लाठीचा एक पूर्ण अध्याय आहे, आणि त्याचे कुस्तीशी असलेले नाते आखाड्याच्या तांबड्या मातीत वाढलेल्या कोणालाही ओळखू येईल. अंगाला नुसती टेकलेली काठी काही करीत नाही. तिला पुन्हा वेग घ्यावाच लागतो. लाठी आणि पाते यांतील सर्वांत मोठा भेद येथून सुरू होतो.

पात्याला वेग लागत नाही असे नाही, परंतु त्याचे काम वेगाने संपत नाही. हे समजून घेण्यासाठी रणांगणाकडे जाण्याची गरज नाही, विळी पुरेशी आहे. विळीच्या पात्यावर पिकलेला टोमॅटो नुसता दाबला तर तो चेंगरतो, आणि तोच पात्यावरून पुढे-मागे ओढला तर जवळजवळ जोर न लावता चिरला जातो. धार ही दाबाने नव्हे, ओढीने कापते. मराठीतील क्रियापदेही हा भेद नेमकेपणाने जपतात : काठी हाणली जाते आणि बसते, तलवार चालवली जाते, आणि वार ‘ओढला’ जातो. वक्र समशेरीची बनावटच अशी असते की हात गोलाकार फिरला की पाते आपोआप लक्ष्यावरून सरकते. सरळ पात्याच्या फिरंगेला, म्हणजे युरोपातून आलेल्या पात्याला देशी मूठ बसवून केलेल्या तलवारीला, ही ओढ हाताने द्यावी लागते. कुऱ्हाडीसारखा सरळ खाली आणलेला वारही पात्याने करता येतो, पण तो पात्याचा खरा धर्म नव्हे, आणि काठीवर वर्षानुवर्षे घडलेला हात तलवार धरल्यावर पहिल्यांदा नेमका तोच वार करतो.

ओढीपेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे धारेची दिशा. पात्याला धार असते, पाठ असते आणि दोन सपाट बाजू असतात. वाराच्या मार्गाची रेषा आणि धारेची रेषा एकच असली तरच कापले जाते. मनगट किंचित कलले तर पाते तिरपे शिरते आणि अडकते, अधिक कलले तर सपाट बाजू आपटते, आणि हलके पाते असेल तर ते वाकते किंवा मुठीत फिरते. काठीच्या गोल पोटाला हा प्रश्नच पडत नाही. कोणत्याही बाजूने बसलेली काठी ही बसलेलीच काठी असते. म्हणून काठीने हजारदा केलेला अभ्यास मनगटाच्या कलाबद्दल हाताला काहीही सांगत नाही. तो चुकीचा कल पक्का करीत असतो आणि शिकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तलवारीच्या मुठीला जी बाकदार आडवी रचना असते, तिच्यातील परज बोटांचे रक्षण करते आणि मुठीच्या टोकाची वाटीसारखी चकती हात घसरू देत नाही, हे सर्वज्ञात आहे. पण चपट्या मुठीचे आणखी एक काम म्हणजे धार कोणत्या दिशेला आहे हे न पाहता तळहाताला कळवणे. गोल काठीची पकड हे कळवत नाही.

या प्रश्नाला मराठी मुलखाने दिलेले सर्वांत मौलिक उत्तर म्हणजे पट्टा. पट्ट्याचे पाते लांब, सरळ, दुधारी आणि लवचिक असते, आणि त्याच्या मुठीच्या जागी कोपराजवळपर्यंत हात झाकणारे लोखंडी कवच असते, ज्याला खोबळा म्हणतात. खोबळ्याच्या आत पात्याशी काटकोनात असलेली एक आडवी दांडी मुठीत धरावयाची असते. परिणाम असा होतो की मनगट जवळपास बंद होते आणि पाते हा हाताच्या हाडाचाच पुढचा भाग बनतो. तलवारीत जे काम मनगट करते ते पट्ट्यात कोपर, खांदा, कंबर आणि पाय मिळून करतात. म्हणून पट्टेबाजाला एका जागी उभे राहून खेळता येत नाही. त्याला फिरावे, बसावे, उसळावे लागते, आणि दोन्ही हातांत दोन पट्टे घेतलेल्या माणसाभोवती सर्व दिशांनी पात्याचे कडे तयार होते. घोडखिंडीतील बाजीप्रभूंचे जे चित्र मराठी मनात कोरलेले आहे, त्यात दोन्ही हातांत पट्टे आहेत ते उगाच नाहीत, कारण थोड्यांनी अनेकांना अरुंद जागी थोपवण्याच्या प्रसंगाला दुसरे कोणतेही शस्त्र इतके साजत नाही. धारेच्या दिशेच्या दृष्टीने पाहिले तर मनगट बंद केल्याने चुकीच्या जागा कमी होतात, परंतु उरलेली एक जागा, म्हणजे कोपरापासून पंजापर्यंतच्या हाताचा पीळ, अधिक काटेकोर होते. हा पीळ पट्टा हातात घालूनच शिकता येतो. ‘पटाईत’ हा शब्द मूळचा पटा, म्हणजे पट्टा, चालवण्यात निष्णात असलेल्या माणसासाठी होता आणि पुढे तो कोणत्याही कामातील निपुणाला लागू झाला, एवढ्यावरूनच या विद्येचा दरारा लक्षात यावा.

आता फरी-गदग्याकडे वळता येईल, कारण या पुस्तकातील वादाचा मुख्य मुद्दा तेथेच आहे. फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे कातड्याने मढवलेली, मुठीची सोय असलेली आखूड काठी; पंजाबातील गतका हा शब्द आणि ते साधन या दोन्हींचे गदग्याशी असलेले नाते उघड आहे. ढाल-तलवारीचा अभ्यास जीव न गमावता करता यावा म्हणून ही जोडी निर्माण झाली, आणि तिची योजना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. तलवारीच्या वाराला तलवारीने अडवणे हा नाइलाजाचा मार्ग असतो, कारण धारेवर धार आदळली की दोन्ही पात्यांना खांडे पडतात. वार घ्यायचा तो ढालीवर, आणि तलवार मोकळी ठेवायची ती उलट वारासाठी. लाठीत नेमके याच्या उलट घडते, कारण तेथे एकच वस्तू अडवतेही आणि मारतेही. म्हणजे गदग्याच्या खेळाडूच्या डाव्या हातात फरी आहे ती शोभेसाठी नाही; ती त्याला सतत आठवण देत असते की उजव्या हातातील वस्तू काठी नसून पाते आहे. फरी टाकून दिली आणि गदग्याने गदगा अडवण्याचा खेळ सुरू झाला, की त्या क्षणी तलवारीचे शिक्षण थांबते आणि आखूड लाठीचे सुरू होते. पुष्कळ आखाड्यांत हे घडून गेलेले आहे, आणि ते घडल्याचे कोणाच्या लक्षात आलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

फरी सांभाळली तरी गदग्याच्या मर्यादा संपत नाहीत. कातड्यात गुंडाळलेली काठी पात्यापेक्षा जाड असते, तिचे वजन सर्वत्र सारखे वाटलेले असते, तर चांगल्या तलवारीचे वजन मुठीकडे झुकलेले असते. त्यामुळे वार अर्ध्यावर थांबवून हूल देण्याची, म्हणजे एकीकडे वार दाखवून दुसरीकडे करण्याची चाल दोन्ही साधनांत वेगळ्या लयीने जमते. गदग्याचा वार चुकून अंगावर बसला तर वळ उठतो आणि वळ हा चांगला शिक्षक असतो, हे खरे. पण वळ उठला तरच वार मानायचा ही सवय लागली की हलका स्पर्श दुर्लक्षिला जातो. पात्याच्या बाबतीत हलक्या स्पर्शाला फार महत्त्व असते. पाते अंगाला टेकले आणि ओढले गेले की पुरे. तेथे वेग पुन्हा घ्यावा लागत नाही. म्हणून काठीच्या लढतीत वार झाल्यावर आत घुसून प्रतिस्पर्ध्याला धरणे शहाणपणाचे असते, तर पात्याच्या लढतीत वार करून बाहेर पडेपर्यंत वार पूर्ण झालाच असे मानता येत नाही, कारण पडणाऱ्या माणसाचे पातेही कापू शकते. पवित्रा हा शब्द आज कोणत्याही भूमिकेसाठी वापरला जातो. मूळच्या अर्थाने तो पायांची व अंगाची जी ठेवण दर्शवतो, ती या दोन लढतींत भिन्न असली पाहिजे. काठीचा पवित्रा पुढे झुकलेला आणि आत शिरण्याच्या तयारीतला असतो, पात्याचा पवित्रा परतीची वाट मोकळी ठेवतो.

गदगा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याला पाते म्हणून वागवले तर तो उत्तम शिक्षक आहे, आणि त्यासाठी एक साधी युक्ती या पुस्तकात सुचवली आहे : गदग्यावरील कातड्याची शिवण एका सरळ रेषेत घ्यावी, ती धार मानावी, आणि शिवणीच्या बाजूने न बसलेला वार मोजू नये. जपानातील केंडो या बांबूच्या तलवारीच्या खेळात हेच केले जाते. तेथे शिनाई नावाच्या बांबूच्या साधनावर ताणलेली दोरी पात्याची पाठ दर्शवते, आणि धारेच्या बाजूने न बसलेल्या फटक्याला गुण मिळत नाही. केरळातील कळरिपयट्टूत आधी अंगसाधना, मग कोलत्तारी म्हणजे लाकडी साधनांचा टप्पा आणि त्यानंतरच अंगत्तारी म्हणजे धातूच्या शस्त्रांचा टप्पा येतो, म्हणजे काठी ही तेथे पायरी आहे, मुक्काम नव्हे. रोमन सैन्याविषयी लिहिणाऱ्या वेगेटियसने नव्या सैनिकांना दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारी देत असल्याचे नोंदले आहे, तर इंग्लंडात तलवारीच्या सरावासाठी निघालेली वेताच्या मुठीची काठी पुढे स्वतंत्र खेळ बनली आणि 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये तिच्या स्पर्धाही झाल्या. साधन आपल्या मूळ हेतूपासून सुटून खेळ होण्याची ही वाट केवळ मराठी मुलखाचीच नव्हे.

मराठी मुलखात मात्र ही वाट राजकीय घटनांनी आखली. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि तलवारीवर पोट असलेले हजारो शिपाई रिकामे झाले. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आले. आणि 1857 च्या उठावानंतर लोकांच्या हातातील शस्त्रांकडे राज्यकर्ते संशयाने पाहू लागले. 1878 चा शस्त्र कायदा हा त्या संशयाचा पक्का झालेला आकार होता. पाते परवान्याच्या कक्षेत गेले आणि काठी मोकळी राहिली. यापुढे तलवारीची विद्या टिकवायची तर ती काठीच्या रूपातच टिकवता येणार होती. गणेशोत्सवाच्या, दसऱ्याच्या आणि मोहरमच्या मिरवणुकांपुढे खेळणाऱ्या आखाड्यांनी ती तशी टिकवलीही, आणि या कामात हिंदू व मुसलमान उस्तादांचा वाटा सारखाच मोलाचा आहे, हे वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या आखाड्याच्या शब्दसंग्रहावरून दिसून येते. ‘उस्ताद’, ‘पट्टेबाज’, ‘बनेटी’ आणि ‘पवित्रा’ हे शब्द तेथे एकाच तोंडून निघतात.

विसाव्या शतकातील व्यायाम चळवळीने या विद्येला पुन्हा मान दिला, आणि त्याच वेळी तिचा घाटही बदलला. 1914 मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे वऱ्हाडापुरते या बदलाचे केंद्र होय; मंडळाच्या खेळाडूंनी 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. बडोद्यात प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरातून लाठी आणि इतर देशी शस्त्रांचे शिक्षण संघटितपणे दिले, आणि त्याच शहरातून द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेला बहुखंडी व्यायाम ज्ञानकोश प्रसिद्ध झाला, ज्यात गुरुमुखी राहिलेले कितीतरी हात प्रथमच कागदावर आले. पुण्यात 1924 मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करूनच एक गोष्ट नोंदवली पाहिजे. एका उस्तादाकडे चार-सहा शागीर्द असण्याऐवजी एका शिक्षकासमोर शंभर मुले उभी राहिली, तेव्हा हुकमावर आणि अंकांवर चालणारी सामुदायिक कवायत अपरिहार्य झाली, आणि अशा कवायतीला काठी जितकी सोयीची तितके पाते गैरसोयीचे. लाठीचे हात, गदग्याचे हात आणि तलवारीचे हात एकाच अंकाच्या चौकटीत बसवले गेले. रांगेतील शंभर काठ्या एकाच वेळी वर जाताना सुंदर दिसतात, परंतु त्यांतील किती काठ्या काठ्या आहेत आणि किती तलवारी, हे त्या मुलांना कोणी सांगितलेच नाही.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला. त्याखालील नियमांनुसार तलवार, जंबिया यांसारखी धारदार शस्त्रे आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे, घरगुती, शेतीच्या व औद्योगिक वापराची सोडून, शस्त्र म्हणून गणली जातात. आखाडा चालवणाऱ्याने हे नियम आणि स्थानिक पोलिसांचे त्या वेळचे आदेश माहीत करून घेतल्याशिवाय एकही धारेचे पाते बाहेर काढू नये. प्रस्तुत पुस्तकातील पात्याचे सर्व शिक्षण बोथट, धार न लावलेल्या लोखंडी पात्यावर आधारलेले आहे, आणि धारेची गरज फक्त शेवटच्या परीक्षेपुरती, तीही परवान्याच्या व देखरेखीच्या चौकटीत, मानलेली आहे.

अलीकडच्या काळात मर्दानी खेळांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. कोल्हापुरातील तालमींनी ही परंपरा अखंड राखली, राज्य शासनाने 2024 च्या शिवजयंतीला दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, आणि दर 12 जानेवारीला सिंदखेडराजा येथे होणाऱ्या जिजाऊ जन्मोत्सवासारख्या प्रसंगांमुळे या जिल्ह्यातील मुली मोठ्या संख्येने लाठी आणि पट्ट्याकडे वळू लागल्या आहेत. ही या विद्येच्या इतिहासातील मोठी आनंदाची घटना आहे. मात्र मिरवणुकीत वेग दिसतो आणि धार दिसत नाही. पातळ पत्र्याचा, वजन नसलेला पट्टा डोळ्यांचे पाते लवण्याआधी तीनदा फिरतो आणि टाळ्या मिळवतो. खऱ्या वजनाचा पट्टा एकदाच फिरतो. पत्र्याच्या पट्ट्यावर शिकलेल्या मुलीला तिचे शिक्षण अपुरे आहे हे कोणीतरी आदराने आणि वेळीच सांगितले पाहिजे, कारण तिची मेहनत खरी आहे आणि तिला खोटे साधन दिले जाणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

प्रस्तुत पुस्तकाची मांडणी या विचारावरून ठरलेली आहे. पहिला खंड लाठीचा आहे, आणि त्यात तलवारीचा उल्लेख जाणीवपूर्वक टाळला आहे, जेणेकरून शिकणाऱ्याने काठीला काठी म्हणूनच ओळखावे : हात सरकवणे, दोन्ही टोके वापरणे, अंतर, पकड आणि हिसका. दुसरा खंड फरी-गदग्याचा असून तेथे उलट नियम आहे. हात सरकवायचा नाही, गदग्याने गदगा अडवायचा नाही, शिवणीची बाजू सोडायची नाही, आणि स्पर्शही वार म्हणून मोजायचा. लाठीत उत्तम ठरलेल्या विद्यार्थ्याला हा खंड सर्वांत अवघड जाईल आणि त्याने त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण जे त्याला विसरायचे आहे ते त्याने मेहनतीने मिळवलेले असते. तिसऱ्या खंडात बोथट तलवार आणि पट्टा येतात. पट्ट्याच्या शिक्षणासाठी प्रत्येकाभोवती किमान त्याचा पसरलेला हात व पाते मिळून होणाऱ्या अंतराच्या दुप्पट मोकळी जागा असावी. देऊळघाटासारख्या गावात शाळेचे मैदान किंवा पिके निघाल्यानंतरचे मोकळे शेत यासाठी पुरते. समाजमंदिराची ओसरी पुरत नाही.

लिंबू कापण्याची जुनी परीक्षा या खंडाच्या अखेरीस दिली आहे. मिरवणुकांत हे लिंबू माणसाच्या तळहातावर, मानेवर किंवा पोटावर ठेवले जाते आणि पाहणाऱ्यांचा श्वास रोखला जातो. येथे ते ओल्या मातीच्या ढिगावर ठेवायचे आहे, कारण परीक्षा शिकणाऱ्याच्या हाताची आहे, दुसऱ्याच्या धैर्याची नव्हे. काठीने हे लिंबू फुटते किंवा उडते, आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही. पात्याने मात्र ते हाताचा संपूर्ण हिशेब मांडते. सपाट बाजू लागली तर लिंबू उडून दूर पडते. धार कलती असेल तर एक फोड जाड आणि दुसरी पातळ निघते. ओढ कमी पडली तर साल चिरली जाते आणि गर चेंगरतो, आणि मातीत रसाचा डाग पसरतो. दोन्ही फोडी सारख्या निघाल्या, खालची होती तेथेच राहिली आणि वरची तिच्या शेजारीच घसरून पडली, तर शिक्षकाने काही न बोलता दुसरे लिंबू ठेवावे.